थीब्जचे नागरिक गेले कुठे?

२०२४-२५च्या हिवाळ्यात लंडनमध्ये सॉफोक्लीजचा ईडिपस दोनदा नव्याने उभा राहिला. विंडम्स थिएटरमधला रॉबर्ट आइक यांचा प्रयोग जानेवारीच्या सुरुवातीला संपला आणि त्याच महिन्यात ओल्ड व्हिकमध्ये एला हिक्सन यांनी लिहिलेलं रूपांतर लागलं. पु. लं.च्या ‘राजा ओयदिपौस’मुळे आपल्याला ही गोष्ट परकी नाही. शेवटी काय उघड होणार हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं, त्यामुळे अशा नाटकात नवं काय ते कथानकात शोधण्यात अर्थ नसतो. मी ते कोरसमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या नागरिकांच्या समूहात शोधतो. नगरातल्या माणसांचं दिग्दर्शकाने काय केलं, यावरून रूपांतराची बरीचशी परीक्षा होते. आणि सध्याच्या गाजलेल्या प्रयोगांत नेमकी तीच माणसं हरवत चालली आहेत.

आइक यांचा ईडिपस राजा नाही. निवडणूक जिंकायच्या बेतात असलेला नेता आहे. निकालाची रात्र, प्रचार कार्यालय आणि उलटं धावणारं घड्याळ. आपला जन्मदाखला जाहीर करू, बायकोचा पहिला नवरा लायस याच्या मृत्यूची चौकशी लावू, असा शब्द तो देऊन बसला आहे. नाटक पुढे सरकतं तसं कार्यालयातलं सामान एकेक करून हलवलं जातं, आणि सत्य बाहेर येईपर्यंत या माणसांना आडोसाच उरत नाही. हिल्डेगार्ड बेख्टलर यांचं हे नेपथ्य संवादाइतकंच बोलतं. लेस्ली मॅनव्हिल यांची योकास्टे, म्हणजे ईडिपसची बायको, आपण तेरा वर्षांची असताना लायसने आपलं काय केलं ते सांगते, तेव्हा इतकी शतकं या कथेत नुसती दुर्दैवी म्हणून वावरलेली बाई पहिल्यांदा स्वतःची हकिगत मांडते. मॅनव्हिल यांना २०२५चा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

पण सॉफोक्लीजचं नाटक साथीने ग्रासलेल्या थीब्ज नगरापासून सुरू होतं. लोक राजाच्या दारात येऊन बसले आहेत आणि ईडिपस चौकशीला हात घालतो तो त्यांच्यासाठी. आइक यांच्याकडे गर्दी सुरुवातीच्या चित्रफितीत दिसते, नंतर तिचा मतांचा आकडा होतो. उरते एका घराची भयंकर गोष्ट. ती आतड्याला पीळ पाडते, यात शंका नाही. पण हे सत्य सापडलं नाही तर बाहेर कोणाचं काय बिघडणार होतं, हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही.

ओल्ड व्हिकने दुसरं टोक गाठलं. तिथे नगर दुष्काळाने होरपळतंय आणि कोरस म्हणजे नृत्यदिग्दर्शक होफेश शेख्टर यांचे नर्तक. त्यांच्या नाचात तहान आहे, झपाटलेपण आहे. मात्र त्यांना शब्द नाहीत. नर्तक थांबले की पात्रं बोलतात, पात्रं थांबली की नर्तक नाचतात. दोघांची गाठ म्हणून पडत नाही. लोकांना देह मिळाला, पण राजाला उलट विचारायची सोय गेली.

मूळ अथेन्समध्ये कोरस शोभेसाठी नव्हता. सॉफोक्लीजच्या काळात पंधरा जण, तेही शहरातलेच नागरिक. त्यांच्या तालमीचा खर्च एखादा धनिक उचलायचा. कोरस हे नटांपैकीच एक पात्र धरावं, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे आणि त्यासाठी दाखला सॉफोक्लीजचा दिला आहे. आज पंधरा माणसांचं मानधन व्यावसायिक निर्मात्याला परवडत नाही, हे कारण खरं आहे. पण पूर्ण कारण ते नव्हे. दिवाणखान्याच्या नाटकाने आपल्याला चार भिंतींची सवय लावली आणि त्या भिंतींच्या आत पंधरा माणसांनी उभं तरी कुठे राहायचं, हे दिग्दर्शकाला सुचेनासं झालं.

ज्यांना ते सुचलं, त्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. सॉफोक्लीजच्याच दुसऱ्या नाटकात ईडिपसची मुलगी अँटिगनी राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाचं प्रेत पुरते; त्यावर बेतलेलं जाँ आनुई यांचं ‘अँटिगनी’ फेब्रुवारी १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये आलं. त्यात कोरस म्हणजे एकच माणूस. तो आपल्याला शोकांतिकेचं यंत्र समजावून देतो. नगराची खरी जागा घेतात ते पहारेकरी. सगळी मरून पडल्यावरही त्यांचा पत्त्यांचा डाव चालूच राहतो. ताब्यातल्या शहराबद्दल इतकं कडू विधान क्वचितच कोणी केलं असेल. चार वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या कूर इथे ब्रेश्ट यांनी आपलं ‘अँटिगनी’ केलं. त्यांचे वृद्ध नागरिक क्रेऑनचे भागीदार आहेत: शेजारच्या आर्गोसच्या खाणींसाठी लढाई चालली आहे, लुटीतला वाटा यांना हवा आहे आणि लढाई फिरली की हात झटकायलाही हेच पुढे. ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची भिंत ज्याने पाहिली आहे, त्याला अशा समूहाची ओळख करून द्यायला नको.

नायजेरियाच्या ओला रोटिमी यांचं, ईडिपसवरच बेतलेलं ‘द गॉड्स आर नॉट टू ब्लेम’ (१९६८) या सगळ्यांत कमी चर्चिलं गेलं, पण नगराला तिथे सर्वांत जास्त जागा आहे. योरुबा गावातले आजारी लोक राजा ओडेवालेच्या दारी गाऱ्हाणं घेऊन येतात. तो नुसता धीर देत नाही. माझीही पोरं आजारी आहेत म्हणतो आणि एका बाईला विचारतो, तू कोणता पाला उकळलास, किती वेळ उकळलास? राजा आणि प्रजा औषधी काढ्याबद्दल बोलतात, आणि एवढ्यातच या माणसाच्या पतनाने कोणाकोणाचं नुकसान होणार आहे ते आपल्याला कळून चुकतं.

आणि मग ‘द आयलंड’. अ‍ॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना यांनी १९७३मध्ये केप टाउनच्या ‘द स्पेस’मध्ये केलेलं हे नाटक मला या परंपरेतलं शिखर वाटतं. वर्णभेदी सरकार राजकीय कैद्यांना ठेवत असे त्या रॉबेन बेटाचं नाव घेणं धोक्याचं होतं, म्हणून पहिला प्रयोग दुसऱ्याच नावाने झाला. पडदा उघडल्यावर बराच वेळ शब्द नाही. दोन कैदी वाळू खणतात, हातगाडीत भरतात, ढकलत नेऊन दुसऱ्याच्या खड्ड्याशी ओततात. याचा खड्डा बुजतो तो त्याच्या वाळूने. कामाला शेवट नाही आणि अर्थही नाही. रात्री कोठडीत हेच दोघे तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’ची तालीम करतात. दोरीचा टोप आणि खोटे स्तन लावलेल्या विन्स्टनला पाहून जॉन हसत सुटतो. विन्स्टन चिडून म्हणतो, मी बाई होणार नाही. मध्येच बातमी येते की जॉनची शिक्षा कमी झाली, तीनच महिने उरले. जन्मठेपेच्या विन्स्टनला मित्राचा हेवा वाटतो आणि तो ते लपवत नाही. त्यानंतरचा प्रवेश पाहणाऱ्याला सोडत नाही.

रंगमंचावर दोनच नट, म्हणजे कोरस शक्यच नाही. पण शेवटी जॉन क्रेऑन होऊन समोर पाहून बोलू लागतो, तेव्हा नाट्यगृहातले सगळे त्या बेटावरचे कैदी आणि पहारेकरी होऊन बसतात. कोण कैदी आणि कोण पहारेकरी, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवायचं. वर्णभेदाच्या काळातल्या प्रेक्षकाला हा निवाडा किती जड गेला असेल! विन्स्टन टोप काढून फेकतो आणि स्वतःच्या आवाजात बोलतो, तेव्हा अँटिगनीचं वेषांतर संपतं आणि अँटिगनी उरते. रॉबेन बेटावर कैद्यांनी खरोखर ‘अँटिगनी’ केलं होतं आणि क्रेऑन झाले होते नेल्सन मंडेला, हे कळल्यावर अंगावर काटा येतो.

अलीकडचा सर्वांत धाडसी प्रयत्न दिग्दर्शक मिलो राव यांचा. १७ एप्रिल १९९६ला ब्राझीलच्या पारा राज्यात एल्दोरादो दोस काराजासजवळ रस्ता अडवून बसलेल्या भूमिहीन शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १९ जणांचा जीव गेला. भूमिहीनांच्या चळवळीला सोबत घेऊन राव यांनी २०२३मध्ये ‘अँटिगनी इन द ॲमेझॉन’ केलं. हत्याकांडाचा प्रसंग त्याच रस्त्यावर पुन्हा उभा केला. कोरसमध्ये त्या दिवसातून वाचलेली माणसं आहेत. आदिवासी कार्यकर्ती काय सारा अँटिगनी झाली, विचारवंत आयल्तोन क्रेनाक द्रष्टा टायरेसियस झाले. प्रेत उचलू न देणारी सत्ता काय असते, हे या माणसांना शिकवावं लागत नाही.

बेल्जियममधल्या गेंटच्या नाट्यगृहात हा प्रयोग होतो तेव्हा मात्र ही माणसं पडद्यावर असतात आणि काय साराही पडद्यावरच. रंगमंचावरचे मोजके नट त्यांच्याशी दुरून बोलतात. राव ही दरी झाकत नाहीत, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. तरी पडद्यावरच्या कोरसला प्रेक्षकाकडे वळून काही विचारता येत नाही. त्याचे सवाल आधीच चित्रित होऊन गेलेले असतात. ‘द आयलंड’ने दोन नट आणि दोरीच्या टोपावर जे साधलं, ते इतका मोठा संच असूनही इथे निसटतं. हे नाटक पूर्ण झालं ते पाराच्या रस्त्यावर, जिथे पाहणारे आणि कोरस एकाच वस्तीतले होते.