तळटीप कोणाची?

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या शासकीय ग्रंथमालेचा गौरव आपल्याकडे पुष्कळ झाला; चिकित्सा फारशी झाली नाही. ग्रंथ बाबासाहेबांचे, म्हणून ते छापणारी यंत्रणाही टीकेपलीकडची, असा एक समज आपण करून घेतला आहे. हा समज बाबासाहेबांच्या शिकवणुकीला धरून नाही.

१९७६ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी या कामासाठी आयुष्य झिजवले, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण या मालेभोवती जे पक्ष उभे होते त्यांचे हितसंबंध एक नव्हते. शासनाला श्रेय हवे होते आणि वादळ नको होते. वारसांचा आपला हक्क होता. पुढाऱ्यांना या प्रश्नावर आपले वजन दाखवायचे होते. संपादकाला संहिता शाबूत हवी होती. वाचकाला फक्त पुस्तक हवे होते. हितसंबंध वेगळे असणे हा गुन्हा नव्हे. निर्णय बंद दाराआड होऊ लागले की जो पक्ष बैठकीत नसतो तो मारला जातो. इथे तो पक्ष वाचक होता.

१९८७ चा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, या दृष्टीने पुन्हा वाचावा. प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत सापडली, अंतिम हस्तलिखित मिळाले नाही, हे संपादकीय प्रस्तावनेत सरळ सांगितले आहे. वाचकाला विश्वासात घेण्याची ही रीत आहे. पुढे राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादंग उठले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत मराठा महासंघाने ग्रंथाची होळी केली, आणि दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. अखेर तडजोड झाली. परिशिष्ट राहिले, आणि त्यातील मतांशी शासन सहमत नसल्याची टीप त्याला चिकटली.

एकाच ग्रंथात अशा दोन आवाजांची गाठ पडते. संपादक आपल्या साधनांची उणीव उघड करतो. शासन आपली असहमती नोंदवते, कारण मात्र देत नाही. कोणत्या विधानाशी असहमती? कोणत्या पुराव्याने? टीप मुकी आहे. बाबासाहेबांनी श्लोकांचे आधार देऊन केलेल्या मांडणीला एका वाक्याने, आधाराशिवाय, बाजूला सारण्याची ही तऱ्हा आहे. तडजोडीने संहिता वाचली, हे मी नाकारत नाही. पण ती कोणत्या शब्दांत ठरली, आपल्या बाजूने कोणी होकार दिला, हे टीप सांगत नाही.

यावर आपलेच काही मित्र म्हणतील, घरातले मतभेद चव्हाट्यावर आणले तर विरोधकाच्या हाती कोलीत मिळेल. मला हे पटत नाही. १९८८ साली परिशिष्ट वाचले ते रस्त्यावरच्या उघड ताकदीने. गुप्ततेचा लाभ समाजाला होत नाही. समाजाच्या नावाने आत बसलेल्यांना होतो.

झाकपाकीची किंमत पुढे दिसली. डिसेंबर २०२१ मध्ये वृत्तपत्रातील बातमीची स्वतःहून दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाला या रखडलेल्या प्रकाशनाबद्दल शासनाला जाब विचारावा लागला. बातमीनुसार नऊ खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचे ठरले होते, प्रत्यक्षात छापल्या सुमारे ३३ हजार. ५ कोटी ४५ लाखांचा कागद गोदामात पडून होता. समिती होती, संघटना होत्या, दर १४ एप्रिलला भाषणे होती. पण कागदाचा हिशेब आपल्यापैकी कोणी मागितला नाही.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या वर्गातही असेच पहिले पदवीधर बसतात. बाजारात बाबासाहेबांच्या नावावर कुणाच्याही छपाईची पुस्तके मिळतात; शासकीय खंडाची प्रत मागितली तर ‘संपली’ हे उत्तर मिळते. संहिता कोणती खरी, हे त्या मुलांनी कशावरून ठरवावे?

म्हणून मागणी साधी आहे. समितीची इतिवृत्ते छापा. हस्तलिखितांची यादी जाहीर करा. प्रत्येक खंडात किती प्रती छापल्या आणि किती विकल्या ते लिहा. आणि त्या टिपेखाली ती लिहिणाऱ्याचे नाव घाला. बाबासाहेबांनी आपल्या प्रत्येक विधानाखाली स्वतःची सही ठेवली. त्यांच्या ग्रंथावर बिनसहीची ओळ आपण किती काळ खपवून घेणार?