चौथी भिंत आणि चित्राची चौकट

मराठी नाट्यसमीक्षेत 'चौथ्या भिंती'चा उल्लेख बहुधा इब्सेनच्या संदर्भात येतो. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणल्यापासून तर बंदिस्त दिवाणखाना, अदृश्य भिंत आणि वास्तववाद ही त्रयी अविभाज्यच मानली गेली. परंतु या भिंतीची कल्पना 'अ डॉल्स हाउस'च्या (१८७९) तब्बल एकवीस दशांश नव्हे, एकशेएकवीस वर्षे आधी, १७५८ मध्ये दिदरोने मांडली होती. आणि तिचे मूळ वास्तवाच्या आग्रहात जितके आहे त्याहून अधिक चित्रकलेच्या परिभाषेत आहे.

रंगभूमीने चित्रकलेकडून उसनवारी केली ती काही प्रथमच नव्हे. सर्लिओने १५४५ साली शोकात्म, सुखात्म आणि वन्य अशा तीन यथार्थदर्शी दृश्यांचे आराखडे प्रसिद्ध केले, तेव्हाच प्रबोधनकालीन चित्रातील लोपबिंदू रंगमंचावर आला होता. मात्र त्या दृश्यात प्रेक्षक गृहीत धरलेला होता. रंगवलेले रस्ते निर्दोष दिसत ते एकाच आसनावरून, आणि दरबारी नाट्यगृहात ते आसन राजाचे असे. बाकीच्यांनी थोड्या वाकड्या रेषा पाहून समाधान मानायचे. म्हणजे चित्र राजाच्या नजरेसाठी मांडलेले होते आणि ते तसे आहे हे कोणी लपवत नव्हते.

दिदरो चित्रकलेकडून नेमकी उलट गोष्ट घेतो. १७५७ मधील संवादांत तो नाट्यमय कलाटणी आणि 'ताब्लो' यांत भेद करतो. अनपेक्षित घटनेने पात्रांची स्थिती पालटणे ही कलाटणी. पात्रांची अशी स्वाभाविक मांडणी की, कॅनव्हासवर उतरवली तरी ती आनंद देईल, हा ताब्लो. पुढच्याच वर्षी तो नटाला सांगतो की, रंगमंचाच्या कडेला एक मोठी भिंत आहे असे समज आणि पडदा वर गेलाच नाही अशा रीतीने अभिनय कर. या सूचनेमागची परिस्थिती अगदी रोकडी होती. 'कोमेदी फ्रांसेझ'मध्ये १७५९ पर्यंत उमराव प्रत्यक्ष रंगमंचावरच बाके टाकून बसत आणि नट प्रेक्षकांकडे तोंड करून पल्लेदार भाषणे म्हणत.

'ल पेर द फामीय' (१७५८) या त्याच्या नाटकाचा प्रारंभ पाहावा. रात्र सरत आलेली. बाप मान खाली घालून, हातांची घडी करून सावकाश येरझाऱ्या घालतो आहे. शेकोटीजवळ मुलगी आणि तिचा मामा सोंगट्यांचा डाव मांडून बसले आहेत. मागे खुर्चीत एक तरुण हातात पुस्तक घेऊन बसला आहे. प्रत्येक जण आपल्यातच गढलेला. अनुपस्थित मुलाची काळजी एक शब्दही न उच्चारता दृश्यात भरून राहते. हा खरोखरच श्रेष्ठ दर्जाचा नाट्यारंभ आहे. दुर्दैव असे की, पात्रे बोलू लागतात आणि सद्गुणांवरील प्रवचनांना सुरुवात होते!

मायकल फ्रीड याने १९८० च्या आपल्या ग्रंथात या तल्लीनतेचा अर्थ चित्रकलेच्या अंगाने लावला: पाहणाऱ्याचे अस्तित्व नाकारूनच चित्र त्याला खिळवून ठेवते. शार्दँ आणि ग्रझ यांच्या चित्रांबाबत हे विवेचन पटते. रंगभूमीला ते जसेच्या तसे लावता येत नाही, कारण नटाला प्रेक्षागृहातील हशा ऐकू येतच असतो. ग्रझच्या खेड्यातील वाङ्निश्चयाचे चित्र १७६१ च्या प्रदर्शनात गाजले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या इटालियन नटांनी ते एका प्रहसनात जिवंत उभे केले. भिंतीआड दडलेले ते कुटुंब रंगमंचावर येताच ओळखीचे कौतुक होऊन बसले.

खरी अडचण काळाची आहे. ताब्लो थांबतो, नाटकाला पुढे जावे लागते. दिदरोच्या नाटकांचा १७६० मध्ये जर्मन अनुवाद करणारा लेसिंगच 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) चित्राला अवकाश आणि काव्याला काळ वाटून देतो, हा योगायोग खचित नव्हे. पुढे 'हाम्बुर्ग नाट्यमीमांसे'त नटाची कला या दोहोंच्या मध्ये ठेवताना तो तिला क्षणिक चित्रकला म्हणतो. या एका विशेषणात दिदरोवरची सर्वांत मार्मिक टीका सामावली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्रिंडबर्ग पुन्हा चित्रांकडेच वळतो. 'मिस ज्युली'च्या (१८८८) प्रस्तावनेत दृक्प्रत्ययवादी चित्रांतील असममित, कापलेली रचना आपण घेतल्याचे तो स्पष्ट सांगतो. स्वयंपाकघर तिरके मांडलेले, टेबल अर्धेच दिसणारे. उरलेले प्रेक्षकाने कल्पनेने पुरे करायचे. दिदरोच्या चौकटीत सारे कुटुंब मावत होते. इथे चौकटच अपुरी आहे, आणि ज्या उमरावाच्या धाकाने हे घर चालते तो तर तिच्यात एकदाही येत नाही. त्याची घंटा तेवढी वाजते.