भाड्याचे घर आणि दलित साहित्य

दलित साहित्यातील गावकुसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पाणवठा, देऊळ, शाळेचा व्हरांडा या जागांची समीक्षा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु दलित माणूस शिकला, शहरात आला, नोकरीला लागला. तेव्हा ज्या दारात त्याला पुन्हा जात विचारली गेली, त्या भाड्याच्या घराच्या दाराचा विचार समीक्षेने गांभीर्याने केलेला नाही. शहरात जात विरते, असे एक पांढरपेशे गृहीतक आहे. ते तपासायचे तर हे दारच तपासले पाहिजे.

या दाराचा पहिला मोठा साक्षीदार बाबासाहेब आहेत. 1917 साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा परदेशातल्या विद्यापीठाची विद्या आणि दरबारची नोकरी त्यांच्यापाशी होती. राहायला जागा नव्हती. एका पारशी सराईत पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया भरून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी दाराशी उभे राहिले. दोन मित्रांकडे विचारणा झाली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती; दोघांनीही टाळले. शेवटी कामाठी बागेत काही तास काढून बाबासाहेब मुंबईच्या गाडीत बसले. हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सराई ओस पडली होती आणि रखवालदाराला पैसा हवा होता, म्हणून तो खोटे नाव चालवून घ्यायला तयार झाला. लोभाने उघडलेले दार जमातीने बंद केले.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा 1963 साली त्याच नावाच्या संग्रहात आली. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात जात न सांगता आसरा मिळवतो आणि जात कळताच मार खातो. जात न लपवणारा काशिनाथ हा त्याच कथेत त्याच्यासमोर उभा आहे. आपल्या समीक्षेने या कथेतला विद्रोह ओळखला, काशिनाथची ताठ मान ओळखली. पण नायकाला चोरी करावी लागते ती कशासाठी? भाकरीसाठी नव्हे, भाकरीची सोय नोकरीने केलेली आहे. चोरी आहे ती छपरासाठी. मजुरी जातीशिवाय मिळू शकते; बिऱ्हाड मिळत नाही. शहराचे हे अर्थशास्त्र बागुलांनी साठ वर्षांपूर्वी मांडले.

आज या अर्थशास्त्राने एक पाऊल पुढे टाकले आहे. मी ज्या शहरात शिकवतो ते औरंगाबाद, 2023 पासूनचे छत्रपती संभाजीनगर, सिडको आणि वाळूजच्या कारखान्यांनी वाढवले. सिडकोच्या एन-क्रमांकांच्या वसाहतींपासून बीड बायपास, सातारा परिसरापर्यंत रो-हाऊसच्या रांगा उभ्या आहेत. त्यांतली कितीतरी घरे राहण्यासाठी घेतलेली नाहीत. गुंतवणूक म्हणून घेतली आहेत. समजा, पन्नास लाखांचे रो-हाऊस आहे आणि भाडे महिना बारा हजार येते. वर्षाचे झाले 1,44,000, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून घरपट्टी आणि डागडुजी वजा जाते. बँकेतली मुदत ठेवही याहून अधिक देते. मग हा व्यवहार शहाणी माणसे का करतात? कारण त्यांची नजर भाड्यावर नसून वाढत्या किमतीवर असते.

इथेच जातीला नवी सोय मिळते. बडोद्याच्या रखवालदाराला दीड रुपयाची गरज होती. या मालकाला भाड्याची निकड नाही. एखाद्या आडनावाला नकार देऊन दोन महिने घर बंद ठेवले तर त्याचे चोवीस हजार जातात, आणि ‘चांगली वस्ती’ हा लौकिक राखला तर किंमत लाखांनी चढते, अशी त्याची समजूत असते. म्हणजे पूर्वग्रहाला आता तोटा होत नाही. तो गुंतवणुकीचाच भाग झाला आहे. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. सगळी काही जातीमुळे रिकामी नव्हती. पण बेघरांच्या देशात घर रिकामे ठेवणे परवडते, एवढे त्यातून सिद्ध होते.

भाषाही बदलली आहे. मला घर शोधताना कोणी उघडपणे जात विचारली नाही. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळ गाव कुठले?’, ‘नॉनव्हेज खाता का?’ आणि शेवटी ‘कालच दुसऱ्यांना शब्द दिला’. या चार वाक्यांत सारी मनुस्मृती सभ्य होऊन बसली आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकान, उपाहारगृह, विहीर, घाट यांची नावे आहेत; खाजगी घर त्या यादीत नाही. 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा केवळ पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला.

आता प्रश्न आपल्याकडे येतो. आपल्यातही दुसरे घर घेणारा वर्ग तयार झाला आहे. त्याने घर घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या बापाला अंगणही स्वतःचे नव्हते त्यांना मालकीचा मोह पाप म्हणून शिकवणे हा दांभिकपणा आहे. परंतु भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावलेल्या बैठकीत ‘मातंग नको, पारधी नको, मुसलमान तर नकोच’ हे शब्द मी ऐकले आहेत. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिधर्म न पाहता कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे कोणी उरूच नये, अशी मांडणी केली. ती शेतजमिनीपुरती होती हे खरे. पण शहरातल्या जमिनीला तोच प्रश्न विचारण्यापासून आपल्याला कोणी अडवले आहे?

दलित साहित्याने आजवर दाराबाहेरचा माणूस लिहिला. त्याचा अपमान, त्याचा संताप आपण समर्थपणे लिहिला आणि तो लिहिणे संपलेलेही नाही. पण दाराच्या आतला माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला, आपल्याच वस्तीतून वर आलेला, समोरच्याचे आडनाव ऐकून क्षणभर थांबणारा, अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. तो लिहिल्याने चळवळीची बदनामी होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी बागुलांचा नायक आठवावा. जात चोरणे ही त्याची लाचारी होती. जात विचारणाऱ्या आपल्या घरमालकाला तीही सबब नाही.