‘शेवटपर्यंत वाचलं’ हे कुणी ठरवलं? स्क्रोलटॉपची थोडी चिकित्सा

पायलट स्टडीचा डेटा घेऊन मॅडमसमोर बसले आणि पहिलाच प्रश्न आला, “हे इतके लोक तू वगळलेस. कारण?”

“मॅडम, त्यांनी उतारा शेवटपर्यंत वाचलाच नाही.”

“तुला कसं कळलं?”

“स्क्रोल शेवटपर्यंत गेला नाही त्यांचा.”

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर माझी लिंक उघडली, उतारा पार तळापर्यंत सरकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची ओळ समोर दिसत होती. ‘पुढे जा’ हे बटण मात्र अजून करडंच होतं.

म्हणजे ज्यांना मी ‘न वाचणारे’ म्हणून बाजूला काढलं होतं, त्यातल्या काहींनी बहुधा सगळं वाचलं होतं, बटण उघडायची वाट बघितली होती आणि कंटाळून पान बंद केलं होतं. मी हे सिनॉप्सिसमध्ये ‘एक्स्क्लूजन क्रायटेरिया’ म्हणून लिहूनही टाकलं होतं. तेव्हा आजची पोस्ट नेहमीसारखी एखाद्या पेपरवर नाही. वेबपानाच्या आतल्या पेटीचं सरकणं कोडने मोजायची आणि हलवायची जी साधनं आहेत, त्यांच्यावर आहे. तुमच्यापैकी बरेच जण गुगल फॉर्मच्या पुढे जाऊन स्वतःचं पान बनवणार आहात, त्यांच्यासाठी खास.

(कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितेय. एडिटरमध्ये ती रोमनमध्येच टाकायची, हे सांगायला नको.)

आधी तीन आकडे. उतारा एका ठराविक उंचीच्या पेटीत ठेवला आणि मजकूर जास्त झाला की ती पेटी आतल्या आत सरकते. आतल्या मजकुराची पूर्ण उंची म्हणजे स्क्रोलहाइट. पेटीचा जेवढा भाग दिसतो त्याची उंची म्हणजे क्लायंटहाइट. आणि मजकूर किती वर सरकून गेलाय ते स्क्रोलटॉप. ही मंडळी मूळ मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची. बाकीच्या ब्राउझरांनी ती उचलली, आणि वापर आधी, नियम नंतर अशा उलट्या क्रमाने 2008 साली डब्ल्यूथ्रीसीने सीएसएसओएम व्ह्यू नावाचा मसुदा काढून त्यांची व्याख्या लिहायला घेतली. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की ही साधनं कुणी मोजमापासाठी घडवलेली नाहीत. पडदा हलवता यावा म्हणून ती आली.

आता माझी चूक. लॅबमधल्या एका जुन्या प्रश्नावलीतून मी ही अट उचलली होती: स्क्रोलटॉप + क्लायंटहाइट >= स्क्रोलहाइट झालं, की वाचक तळाला पोहोचला. वाचायला किती निर्दोष वाटते! शाळेतल्या गणितासारखी. 400 उंचीची पेटी, 1200 उंचीचा मजकूर, तर 800 सरकलं की संपलं.

गोम अशी की स्क्रोलहाइट आणि क्लायंटहाइट हे ब्राउझर पूर्णांकात गोळा करून देतो, स्क्रोलटॉप तसा देत नाही. तो अपूर्णांक असू शकतो. विंडोजच्या लॅपटॉपवर डिस्प्ले स्केलिंग 125 टक्के असलं, तर पडद्याचा एक खरा ठिपका म्हणजे कोडच्या हिशेबात 0.8 पिक्सेल. मजकुराची खरी उंची समजा 1199.6 आहे. आपल्याला कळते 1200. सरकायला जागा 799.6, पण पडदा ठिपक्यांच्या पटीत थांबणार, म्हणजे 799.2 वर. 799.2 अधिक 400, झाले 1199.2. बाराशे कधीच होत नाहीत. वाचक कितीही खाली ओढू दे, अट खोटीच राहणार.

माझ्या स्वतःच्या मशीनवर स्केलिंग 100 टक्के होतं. तिथे दरवेळी चाललं. मॅडमच्या लॅपटॉपवर 125.

एमडीएनच्या कागदपत्रांत याचा उपाय सरळ लिहिलेला आहे: स्क्रोलहाइटमधून क्लायंटहाइट आणि स्क्रोलटॉप वजा करा आणि उरलेला फरक 1 किंवा त्याहून कमी असेल तर तळ आला असं माना. मी ते पान वाचलं होतं का? नाही. चालणारा कोड हातात असताना कोण वाचतं.

पण हा एका ओळीचा बग नाही, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. विचार करा, कोण वगळलं गेलं? ज्यांच्या लॅपटॉपवर स्केलिंग 125 किंवा 150 टक्के आहे ते. फुल एचडी पडद्याच्या पंधरा इंची विंडोज लॅपटॉपवर हे बहुतेकदा कंपनीकडूनच लावून आलेलं असतं. शिवाय ज्यांनी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून कंट्रोल आणि अधिक दाबून झूम वाढवलंय ते, म्हणजे चष्म्याचे नंबर मोठे असलेले आणि वयाने मोठे. संख्याशास्त्राच्या पेपरला आपण घोकतो ना, गहाळ डेटा यादृच्छिक आहे की नाही ते तपासा म्हणून? इथे तो अजिबात यादृच्छिक नव्हता. उपकरणाने माणसं निवडली होती, आणि मी त्या निवडीला ‘वाचनाची तयारी’ असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या टोकालाही हाच प्रकार. मोठा मॉनिटर असलेल्याची पेटी उंच झाली आणि उतारा त्यात पूर्ण मावला, तर सरकवायला काही उरतच नाही. स्क्रोल इव्हेंट उडत नाही. अट त्या इव्हेंटच्या आत लिहिलेली असेल तर बटण कायमचं बंद. पान उघडल्यावर एकदा आणि पेटीचा आकार बदलला की पुन्हा, अशी अट तपासावी लागते.

आणि कीबोर्डवाले? माऊस न वापरणाऱ्याला आतली पेटी सरकवायची तर आधी फोकस त्या पेटीवर जायला हवा. साध्या डिव्हवर तो आपोआप जातोच असं नाही. फायरफॉक्समध्ये ही सोय जुनी, क्रोममध्ये 2024 साली आली. आपण स्वतः टॅबइंडेक्स 0 दिला तर प्रश्न मिटतो. स्क्रीन रीडरवर उतारा शब्दन् शब्द ऐकलेल्या विद्यार्थ्याचा स्क्रोलटॉप तळाला पोहोचेलच, याची हमी तर कुणीच देत नाही. एथिक्स कमिटीसमोर आपण समावेशकतेवर पानभर लिहितो आणि संमतीपत्र अशा पेटीत ठेवतो.

बरं, तळ गाठला की नाही हे सोडा. मला त्याहून जास्त हवं होतं: कुठल्या परिच्छेदावर किती वेळ गेला. म्हणून प्रत्येक स्क्रोल इव्हेंटची वेळ आणि स्क्रोलटॉप नोंदवत होते. ग्राफ फार सुंदर आले. जिन्यासारखे, थांबा-चला, थांबा-चला. मला वाटलं, वाह, हेच ते वाचन!

या नोंदींवर माझा मुख्य आक्षेप हा, की स्क्रोल इव्हेंट सरकलं एवढंच सांगतो, कुणी सरकवलं ते सांगत नाही. चाक फिरवलं, बोटाने ओढलं, स्पेस दाबली, पानात शब्द शोधला, टॅबने पुढच्या लिंकवर गेलं, किंवा माझ्याच कोडने हलवलं, नोंद सारखीच. इव्हेंटवर इजट्रस्टेड नावाचा एक गुण असतो, त्यावरून ओळखता येईल अशी माझी भाबडी समजूत होती. पण कोडने स्क्रोलटॉप बदलला तरी इव्हेंट ब्राउझरच पाठवतो, त्यामुळे तिथेही ‘खरं’च येतं.

त्यात ब्राउझर स्वतःही सरकवतो. उताऱ्यात वरच्या बाजूला एक आकृती होती. नेट संथ असेल तर ती उशिरा उतरते आणि खालचा मजकूर ढकलला जातो. वाचणाऱ्याची ओळ हातची निसटू नये म्हणून क्रोम 2017 पासून आणि फायरफॉक्स 2019 पासून स्क्रोलटॉप आपण होऊन तेवढा वाढवतात. याला स्क्रोल अँकरिंग म्हणतात. वाचकासाठी ही फार चांगली सोय, मी तिच्या बाजूने आहे. पण माझ्या नोंदींत त्या क्षणी विद्यार्थ्याने ‘अडीचशे पिक्सेल उडी मारली’ असं दिसतं. प्रत्यक्षात त्याचा डोळाही हललेला नसतो. उपाय म्हणजे आकृतीला आधीच रुंदी-उंची देऊन ठेवणे, म्हणजे ढकलाढकलच होत नाही. ओव्हरफ्लो-अँकर नन करून सोय बंदही करता येते, पण मग त्याची ओळ खरंच हलते. मोजमाप स्वच्छ व्हावं म्हणून वाचकाला त्रास द्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी रुंदी-उंची दिली.

थांबा कधी झाला हेही अंदाजानेच. बोट उचललं तरी मोबाईलवर मजकूर घरंगळत राहतो. ‘सरकणं संपलं’ असं सांगणारा स्क्रोलएंड हा इव्हेंट फायरफॉक्स आणि क्रोममध्ये 2023 साली आला. त्याआधीचे सगळे कोड ‘इतके मिलिसेकंद नवा इव्हेंट आला नाही, म्हणजे थांबला’ असा टायमर लावतात. हा ‘इतके’ कुठून आला, ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायला हवं. 100 घेतले तर थांबे वाढतात, 300 घेतले तर कमी होतात. जुने अभ्यास वाचताना हा आकडा दिलाय का, हे आता मी पहिलं बघते.

मोजण्याचं झालं, आता हलवण्याचं. प्रश्न आला की उताऱ्यातली संबंधित ओळ समोर आणायची होती. मी स्क्रोलइंटूव्ह्यू वापरलं. नाव किती सरळ! ओळ समोर आली, आणि प्रश्न पडद्याबाहेर गेला. कारण ही आज्ञा फक्त त्या पेटीला लागू होत नाही. ओळ ज्या ज्या सरकणाऱ्या गोष्टींच्या आत आहे, पेटी, तिच्याबाहेरची पेटी, अख्खं पान, त्या सगळ्यांना ती गरजेप्रमाणे हलवते. ब्लॉकला निअरेस्ट दिलं तर धक्का कमी होतो, पण पान हलणारच नाही असं नव्हे. मला हा रचनेतलाच दोष वाटतो. घरातलं एक कपाट सरकव म्हटलं तर भिंतही सरकवणारा हा मदतनीस आहे.

मी शेवटी साध्या हिशेबावर आले. ओळीचा आणि पेटीचा गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट घ्यायचा, दोघांच्या टॉपमधला फरक काढायचा, त्यातून पेटीच्या वरच्या बॉर्डरची जाडी (क्लायंटटॉप) वजा करायची आणि उरलेलं पेटीच्या स्क्रोलटॉपमध्ये मिळवायचं. फक्त पेटी हलते. ऑफसेटटॉपनेही जमतं, पण पेटीला पोझिशन रिलेटिव्ह असेल आणि मध्ये तसा दुसरा एलिमेंट नसेल तरच. नाहीतर तो भलत्याच पूर्वजापासून मोजतो.

इथे अजून एक सापळा. सीएसएसमध्ये स्क्रोल-बिहेवियर स्मूथ लावलेलं असेल तर स्क्रोलटॉपला नवी किंमत दिल्यावर लगेच तो परत वाचून बघा. आपण दिलेली किंमत मिळत नाही, कारण प्रवास नुकताच सुरू झालेला असतो. त्याच क्षणाला मी ‘उद्दीपक दाखवला’ अशी वेळ नोंदवत होते. प्रयोगाच्या पानावर स्मूथ लावूच नका. दिसायला छान असतं, बस.

सरकणं अडवून वाचनाचा वेग बांधून देणारे जुने प्रयोगही मी बघितले. टचमूव्हवर प्रिव्हेंटडिफॉल्ट लावायचं ही त्यातली नेहमीची युक्ती. क्रोमने 2017 पासून विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टच-श्रोते मुळातच पॅसिव्ह धरले, 2019 पासून चाकाचेही. म्हणजे असा कोड आज चालवला तर अडवणूक होत नाही. कन्सोलमध्ये इशारा येतो, पण सहभागीच्या मोबाईलचा कन्सोल कोण बघणार? ‘आधीच्या अभ्यासातलं साधन जसंच्या तसं वापरलं’ हे वाक्य वेबच्या बाबतीत लिहिताना म्हणूनच हात आखडावा.

यावर माझ्या एका सिनियरचं म्हणणं, “मग इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर वापर ना, सगळं सुटेल.” बरंचसं सुटतं, हे मान्य. शेवटच्या परिच्छेदावर नजर ठेवायला सांगायचं, तो पेटीत निम्मा दिसला की कळवतो. अपूर्णांकांची बेरीज नाही, उतारा पूर्ण मावला तरी कळवतो. फक्त उंबरठा 1 ठेवू नका, तिथे तोच पिक्सेलच्या तुकड्याचा घोळ परत येऊ शकतो. मी 0.5 ठेवलाय. पण रूट म्हणून पेटी दिली तर तो फक्त पेटीपुरतं बघतो. पेटीच पडद्याच्या खाली असेल तर? तेव्हा पेटीवर दुसरा ऑब्झर्व्हर.

आणि हे सगळं नीट केल्यावर हातात काय येतं? ‘शेवटचा परिच्छेद पडद्यावर आला.’ एवढंच. मराठी आणि इंग्रजी उताऱ्यांची तुलना करताना तर तेही जपून वापरावं लागतं. देवनागरीला मात्रा, रफार, उकार मावायला ओळींत जास्त अंतर द्यावं लागतं, त्यामुळे तोच आशय मराठीत जास्त उंच होऊ शकतो. मग ‘मराठीत विद्यार्थी जास्त सरकवतात’ असा निष्कर्ष निघतो, जो फक्त फाँटबद्दल काहीतरी सांगतो. मी आता पिक्सेल सोडून परिच्छेद क्रमांक नोंदवते.

सिनॉप्सिसमधलं ‘उतारा पूर्ण वाचला’ हे मी खोडलं आणि त्याजागी ‘शेवटचा परिच्छेद पडद्यावर किमान निम्मा दिसला’ असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, “वाक्य कुरूप आहे. राहू दे.” वगळलेल्यांना मेल पाठवून पुन्हा बोलावलं, काही आले, बाकीच्यांचा डेटा गेला तो गेलाच.

पुढची पायलट उर्दू माध्यमाच्या शाळेत आहे. उभ्या सरकण्याला तिथे काही होत नाही, पण उताऱ्यात एक रुंद तक्ता आहे जो आडवा सरकतो. उजवीकडून सुरू होणाऱ्या पानात स्क्रोललेफ्ट शून्यापासून सुरू होतो आणि डावीकडे जाताना ऋण होत जातो. क्रोममध्ये हे 2020 सालच्या 85 व्या आवृत्तीपासून प्रमाणाप्रमाणे झालं, त्याआधी प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे, ते बघायला शनिवारी जातेय.