सौरपंप : माप एकराचे की विहिरीचे?

यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचे ओलित करणाऱ्या शेतकऱ्याची जुनी तक्रार म्हणजे रात्रीची वीज. शेतीची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आली. अंधारात साप आणि रानडुकरे असतातच. राळेगाव-पांढरकवडा भागात तर नोव्हेंबर 2018 मध्ये त्या वाघिणीला गोळी घालून मारले जाईपर्यंत लोक दिवसासुद्धा शिवारात जाताना धास्तावत होते. तेव्हा दिवसा चालणारा सौरपंप हवासा वाटला तर नवल नाही. आमचा आक्षेप सूर्याच्या विजेला नाही. ती कोणाला किती द्यायची हे ज्या मापाने ठरते, त्या मापाला आहे.

राज्याच्या 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीचा 10 टक्के वाटा भरायचा असतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी तो 5 टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाण्याचा शाश्वत स्रोत हवा, अशी अट आहे खरी. पण त्या स्रोतातून रोज किती पाणी निघते यावर अश्वशक्ती ठरत नाही. ती सातबाऱ्यावरून ठरते.

याचा अर्थ काय होतो, ते वर्गात फळ्यावर करून पाहता येईल. 5 अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे 4800 वॅटचे पॅनेल असतात. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेलमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरले, तर 19 युनिट वीज मिळते. 1000 लिटर पाणी 10 मीटर उचलायला 98,000 ज्यूल, म्हणजे 0.027 युनिट लागते. पंपात आणि पाइपात निम्मी ऊर्जा वाया जाते असे मानू. तरीही दिवसाला सुमारे साडेतीन लाख लिटर उपसा होईल! आता 6 मीटर व्यासाची गोल विहीर घ्या. तिच्यात पाण्याची पातळी एक मीटर उतरली की 28,000 लिटर पाणी गेले. साडेतीन लाखांसाठी साडेबारा मीटर पाणी हवे. विहिरीची एकूण खोलीच अनेकदा तेवढी असते.

जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर आहे (वणीकडचा खडक वेगळा). या पाषाणात पाणी मुरते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. झरे आपल्या गतीनेच विहीर भरतात. पंप मोठा केला म्हणून ते वेगाने वाहत नाहीत. फार तर शेजाऱ्याची विहीर आधी आटते.

दुसरा प्रश्न वापराचा. येथील पऱ्हाटी आणि सोयाबीन मुख्यतः पावसावर येतात. पंप वर्षात 100 दिवस चालला असे धरले, तर उरलेल्या 265 दिवसांची सुमारे 5000 युनिट वीज तयारच होत नाही, कारण तारेला न जोडलेल्या पॅनेलला दुसरे गिऱ्हाईक नसते. चक्की किंवा कडबाकुट्टी चालवू शकेल असा नियंत्रक मिळतो, पण चक्की शेतात कोण नेणार?

या दृष्टीने 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते. तिच्या 2023 च्या नव्या रूपात उपकेंद्राजवळ पॅनेल उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवायचा आहे, आणि जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. पंप बंद असले की तीच वीज उपकेंद्रातून इतरत्र जाते. जळलेले ट्रान्सफॉर्मर ती बदलणार नाही, आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत असल्याने उपशाला आळाही घालणार नाही. तरी जिथे तार पोचली आहे तिथे आधी फीडर, आणि सुटे पंप तारेपासून दूरच्या वाड्या-पोडांना, असा क्रम ठेवायला हवा होता. सुटा पंप देताना तरी सातबाऱ्यासोबत विहिरीची एक नोंद मागावी : चार तास उपसा केल्यावर पातळी किती उतरली आणि पूर्ववत व्हायला किती तास लागले. ही नोंद गावच्या शाळेतील नववीची मुले एका रविवारी करू शकतील.