वाचून ‘थांबणं’ येतं का?

विकास मंद असलेलं मूल बोलावं म्हणून आपण त्याच्यावर प्रश्नांचा मारा करतो – हे काय? रंग कोणता? कॅनडातल्या हॅनेन केंद्राचं ‘इट टेक्स टू टू टॉक’ (पेपर आणि वाइट्झमन, २००४) हे पुस्तक पालकांना सांगतं: पाहा, थांबा, ऐका, मूल ज्यात रमलंय त्याबद्दलच बोला. सल्ला मोलाचा आहे. पण थांबणं नुसतं वाचून येत नाही. केंद्राच्या वर्गांत पालकांना मुलाबरोबरचं त्यांचंच चित्रीकरण दाखवतात. आपण किती घाई करतो ते तिथे उमगतं. हा आरसा पुस्तकाला धरता येत नाही. त्यामुळे शिक्षकांनी यातल्या सूचना छापून पालकसभेत वाटल्या, तर ते प्रशिक्षण ठरणार नाही. पालक-मुलाचा खेळ कुणीतरी शेजारी बसून पाहायला हवा.