बाथचा दिवाणखाना आणि लोहगडाचा तट : इंग्रजी उमरावी प्रणयकादंबरीचे एक वाचन

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात ज्या वाङ्मयप्रकाराचा उल्लेख आपण सहसा टाळतो, परंतु जो आपल्या विद्यार्थिनींच्या दप्तरात आणि अलीकडे त्यांच्या मोबाईलमध्ये हमखास सापडतो, असा एक प्रकार म्हणजे इंग्रज अमीर-उमरावांच्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी. ड्यूक, अर्ल, व्हायकाउंट, त्यांच्या हवेल्या, नृत्यसमारंभ, वारसाहक्काचे पेच आणि शेवटी विवाह, एवढ्या सामग्रीवर हा प्रकार गेली शंभर वर्षे टिकून आहे. जॉर्जेट हेयर (१९०२-१९७४) ह्या लेखिकेने १९३५ मध्ये ‘रीजन्सी बक’ लिहून त्याला आजचे रूप दिले. बार्बरा कार्टलंडने शेकडो कादंबऱ्यांतून तो पातळ केला, ज्युलिया क्विनने २००० सालापासून ‘ब्रिजर्टन’ मालेतून त्याला नवा वाचकवर्ग मिळवून दिला. हा प्रकार ‘हलका’ आहे हे मत आपल्याकडे न वाचताच ठरलेले आहे. तो मावळात बसून वाचला तर काय दिसते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ह्या कादंबरीची घडण पाहावी. तिचा काळ बहुधा रीजन्सीचा, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे युवराज राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता तो, १८११ ते १८२० चा. नायकाची जहागीर, उत्पन्न, घराणे हे सारे पहिल्या पानावरच ठरलेले असते. ठरलेला नसतो तो फक्त विवाह. त्यामुळे कादंबरीतील सारा ताण संभाषणात येतो. हेयरच्या लेखनाची सरसता ह्या संभाषणांतच आहे. त्या काळची वेशभूषा, बग्ग्या, बोलीतील शब्द ह्यांची टाचणे ती वर्षानुवर्षे करीत असे आणि वरून सहज वाटणारे तिचे विनोदी संवाद त्या मेहनतीवर उभे आहेत. ज्यांना ही लेखिका निव्वळ स्वप्नरंजन करणारी वाटते त्यांनी ‘अॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) मधील वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन वाचून पाहावे.

ह्या कादंबरीच्या केंद्रस्थानी ड्यूक असतो असे वरवर वाटते. माझ्या मते केंद्रस्थानी असतो तो नकार. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये एलिझाबेथ डार्सीची पहिली मागणी झिडकारते, त्या प्रसंगाचीच नाना रूपे हा वाङ्मयप्रकार पुनःपुन्हा रचीत आला आहे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेविषयीचे कायदे १८७० आणि १८८२ साली झाले. तोवर विवाहाबरोबर स्त्रीची बहुतेक मिळकत पतीच्या ताब्यात जात असे. म्हणजे होकार देण्यापूर्वीचे काही आठवडे हाच तिच्या आयुष्यातील खरा सत्तेचा काळ. कादंबरी तो काळ तीनशे पृष्ठांपर्यंत ताणते. ‘मुलगी पाहण्या’च्या कार्यक्रमात चहाचे कप घेऊन आलेली किंवा येणार असलेली आपली विद्यार्थिनी ही पृष्ठे का वाचते, ह्याचे उत्तर ड्यूकच्या हवेलीत शोधण्याचे कारण नाही. प्रश्न विचारण्याचा आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मुलीकडे असलेले एक दालन तिला तेथे सापडते. अभिरुची बिघडल्याची तक्रार करण्यापूर्वी प्राध्यापकांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

परंतु हे दालन कोणाच्या पैशावर उभे आहे, हा प्रश्न लोणावळ्याहून विचारला जाणे स्वाभाविक आहे. ऑस्टेनची ‘पर्सुएशन’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरअखेर प्रसिद्ध झाली. खडकीची लढाई त्याच्या आधी ५ नोव्हेंबरला झालेली होती. पुढच्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला आणि लागोपाठ लोहगडही इंग्रजांच्या हाती गेला. ‘पर्सुएशन’चा नायक कॅप्टन वेंटवर्थ हा आरमारी लुटीतील वाट्यावर श्रीमंत झाल्यामुळेच विवाहास योग्य ठरतो. तशीच १८१७-१८ च्या युद्धातील दख्खनची लूट हा इंग्लंडात वर्षानुवर्षे चाललेल्या वादाचा विषय झाला होता. तिच्या वाटणीसाठी जे विश्वस्त नेमले गेले त्यांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. रीजन्सी कादंबरीतील प्रत्येक मोठ्या नृत्यसमारंभात क्षणभर दर्शन देऊन जाणारा सद्गृहस्थ तो हाच. १८०३ च्या एप्रिलमध्ये तो दुसऱ्या बाजीरावाची गादी सावरण्यासाठी पुण्यात आला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात असईच्या लढाईने त्याचे नाव झाले. कादंबरीत मात्र तो वॉटर्लूचाच असतो.

हेयरची ‘ब्लॅक शीप’ (१९६६) ह्या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. तरुणपणी बदनाम झालेला माइल्स कॅल्व्हर्ली ह्याला घरचे लोक हिंदुस्थानात धाडून देतात. वीस वर्षांनी तो गडगंज होऊन बाथला परततो आणि अॅबिगेल वेंडोव्हर ह्या अठ्ठावीस वर्षांच्या बुद्धिमान स्त्रीच्या प्रेमात पडतो. कादंबरी अतिशय सुरेख आहे. हेयरच्या उत्तरकाळातील कृतींत मी ती फार वरची मानतो. हिंदुस्थान मात्र तिच्यात केवळ एका तिजोरीसारखा आहे. नायक तेथे गेला, तेथून आला, मधल्या वीस वर्षांविषयी कोणी फारसे विचारीत नाही. एडवर्ड सैद ह्यांनी १९९३ साली ऑस्टेनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील अँटिग्वाविषयी जो मुद्दा मांडला तो येथेही लागू पडतो. फरक असा की, ऑस्टेन त्या काळात जगत होती आणि हेयर दीडशे वर्षांनंतर, भारत स्वतंत्र झाल्यावरही, तेच मौन जसेच्या तसे पाळते. प्रकाराच्या संकेतांची पकड किती घट्ट असते त्याचा हा पुरावा.

येथे मराठी वाचकाच्या इतिहासातील एक गंमत नमूद करावीशी वाटते. इंग्रज उमरावाशी आपली पहिली मोठी वाङ्मयीन ओळख झाली ती जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांतून. हा लेखक चार्टिस्ट चळवळीतला, सरदारवर्गाचा कट्टर टीकाकार. ‘मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन’मध्ये त्याने ह्याच राजप्रतिनिधी जॉर्जचा दरबार विलासाचे आणि कारस्थानांचे आगर म्हणून रंगविला. इंग्लंडात विस्मृतीत गेल्यानंतरही रेनॉल्ड्स हिंदुस्थानात आवडीने वाचला जात होता. मराठीत त्याची भाषांतरे-रूपांतरे झाली, आणि हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) हीदेखील त्याच्याच एका कादंबरीच्या आधाराने लिहिली गेली. म्हणजे आपल्या पणजोबांच्या वाचनातील लॉर्ड हा बहुधा खलपुरुष होता. आपल्या मुलींच्या वाचनातील लॉर्ड त्याच दरबारातला असून नायक आहे. ह्या दोन लॉर्डांच्या मध्ये इंग्रजी राज्य येऊन गेले. एकोणिसाव्या शतकातील वाचकाला साहेबाची निंदा साहेबाच्याच भाषेत वाचण्यात जे सुख होते, त्याची आजच्या वाचकाला गरज उरलेली नाही.

मग मराठीत आपल्या सरदारांची अशी प्रणयकादंबरी का झाली नाही? आपली ऐतिहासिक कादंबरी वीररसात रमली, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. कारण मुळात सामाजिक आहे. मराठी सरदारघराण्यांत विवाह बालपणीच होत. इंग्रजी कादंबरी जेथे संपते तो प्रसंग आपल्या नायकाच्या बाबतीत कादंबरी सुरू होण्यापूर्वीच उरकलेला असतो. अनुनय नाही, मागणी नाही, नकार तर नाहीच. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी काल्पनिक राजकुलांचा आश्रय घेऊन ही अडचण चुकविली. खऱ्या इतिहासाकडे वळलेल्या लेखकाला दोनच वाटा मोकळ्या राहिल्या. एक, विवाहानंतर उमलणारे प्रेम : रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ (१९६२) मध्ये माधवराव आणि रमाबाई. दुसरी, विवाहाबाहेरचे प्रेम : ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ (१९७२) मध्ये बाजीराव आणि मस्तानी. पहिल्या वाटेचा शेवट थेऊरला १७७२ साली चितेवर होतो. दुसरीचा शेवटही मृत्यूतच आहे. विवाह हा सुखाचा शेवट म्हणून वापरण्याची सोयच आपल्या इतिहासाने लेखकाला ठेवली नाही. म्हणून ‘स्वामी’तील हळुवारपणाला भाबडेपणा म्हणून हिणवणाऱ्या समीक्षकांशी मी सहमत नाही. तिच्यात काही ठिकाणी अतिरेक आहे हे मान्य, तथापि उमरावाच्या खासगी आयुष्याला मराठीत मिळालेली ती दुर्मीळ जागा आहे.

मावळातून पाहता ‘राऊ’चेही एक वेगळे वाचन संभवते. तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाड्यांचे गाव. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारला गेला तो बाजीरावाविरुद्ध लढताना. उमाबाई दाभाड्यांच्या वाड्यातून पाहिले तर प्रणयकथेचा हा नायक मुलाचा काळ ठरतो. ह्याच तळेगावात गो. नी. दांडेकरांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला, आणि मावळावर लिहिताना त्यांनी सरदार निवडला नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये (१९५५) त्यांनी तुंगाखालचा हवालदार निवडला. ती निवड मला फार बोलकी वाटते.

आता उलट दिशेने आलेला एक प्रवासी. ‘ब्रिजर्टन’च्या दूरचित्रमालिकेच्या दुसऱ्या भागात (२०२२) मूळ कादंबरीतील शेफील्ड भगिनी शर्मा भगिनी होऊन हिंदुस्थानातून लंडनला येतात. साल १८१४. धाकटीच्या गुणांची यादी सांगताना तिला फ्रेंच, लॅटिनबरोबर मराठी आणि हिंदुस्तानीही येते असे थोरली सांगते. मराठी प्रेक्षकाला ह्या वाक्याने आनंद होतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. वडिलांना त्या ‘अप्पा’ म्हणतात, ते आपल्याकडेही चालून जाते. थोरली धाकटीला ‘बोन’ म्हणते, ते बंगाली. वेगवेगळ्या प्रांतांतून उचललेली ही बेरीज एका घरात कशी आली ह्याचे स्पष्टीकरण नाही. अधिक खटकते ते असे की, १८१४ साली मराठी जाणणारी मुलगी लंडनच्या दिवाणखान्यात उभी आहे आणि पुण्यात संगमावर एल्फिन्स्टन रेसिडेंट आहे, त्रिंबकजी डेंगळे चढतीवर आहे, पेशवाईची तीन-चार वर्षे उरली आहेत, ह्याचा वाराही त्या दिवाणखान्यात येत नाही. पाहुण्यांचा रंग बदलला, पण ‘ब्लॅक शीप’मधले मौन तसेच राहिले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत ह्या प्रकारासाठी चार तासिका काढणे अवघड नाही. त्रिंबकजी डेंगळ्यांवरील इनामदारांची ‘झेप’ १९६३ ची, हेयरची ‘ब्लॅक शीप’ १९६६ ची. दोन्हींचा काळ एकच, रीजन्सीचा. दोन्ही लेखकांनी कागदपत्रांचा आणि तपशिलाचा कसून अभ्यास केलेला. त्या लागोपाठ वाचावयास द्याव्यात, आणि माइल्स कॅल्व्हर्ली हिंदुस्थानात वीस वर्षे काय करीत होता, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच सोडवू द्यावा.